जलदुर्गाची पाठ घाटाकडे असते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासूनच्या लिखाणात गिरिदुर्ग एकीकडे, जलदुर्ग दुसरीकडे अशी वाटणी दिसते. कोकणचे आरमार त्या वाटणीत मावत नाही.

सह्याद्री किनाऱ्याला इतका खेटून आहे की नद्या आखूड आणि भरतीचे पाणी खाडीतून थेट घाटपायथ्याकडे चढते. भरती जिथे थकते तिथे बंदर, आणि वर घाट : वाशिष्ठीवर चिपळूण आणि कुंभार्ली, सावित्रीवर महाड आणि वरंध. मुखाशी पहारा किल्ल्याचा. वाशिष्ठीला अंजनवेलच्या गोपाळगडाचा.

या उथळ पाण्यानेच जहाजे घडवली. गुराब (शिडांचे मोठे लढाऊ जहाज) १५० ते ३०० टनांची, पण बूड उथळ. गलबत (वल्ह्यांची हलकी नौका) क्वचितच ७० टनांवर, वल्ही ४०-५०. वारा पडला की गलबते गुराब ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत आणि नाळेवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, तोफा डागल्या जात. युरोपीय जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना; वाऱ्याविना वळता न आल्याने त्या निकामी. भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात मात्र डाव उलटे. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटाला इंग्रजांचा वेढा असताना वल्ह्यांच्या होड्या रात्री काठाकाठाने रसद पोचवत. मोठ्या जहाजांना तिथे शिरायची सोय नव्हती.

खाडीवरचा हा भरवसा एकदा नडला. वाघोटन खाडीच्या मुखावरच्या विजयदुर्गाशी मोठ्या जहाजांपुरते पाणी आहे, हे इंग्रजांनी आधीच मापून घेतले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाचे आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला दाटीने उभे होते. तोफगोळ्याने एक जहाज पेटले आणि आग साऱ्या ताफ्यात पसरली. बाहेर पडायला वाट एकच, तीही शत्रूने अडवलेली. हा पराभव निव्वळ फितुरीच्या खाती टाकणे सोयीचे असते, इतकेच.

म्हणून विजयदुर्ग दाखवताना तटबंदीपाशी थांबू नये. गिर्ये येथील खडकात कोरलेली गोदी दाखवावी : भरतीला जहाज आत, ओहोटीला तळाची डागडुजी. नकाशात वाघोटनची खाडी खारेपाटणपर्यंत, भरती-ओहोटीच्या पातळ्यांसह काढावी. गोदीकडे नेणारी पाटी मुख्य रस्त्यावरच लावली, तर पर्यटक तिथवर पोचतील.

एक वाचक,
देवगड, जि. सिंधुदुर्ग