पट

कॅलिफोर्निया,
शुक्रवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

तुझा फोटो मिळाला. वाडीवरची शाळा, ओळीत बसलेली अकरा पोरं, आणि खाली तुझे दोनच शब्द, "यंदाचा पट". त्यावर मी नुसता अंगठा दाखवला, दोन्ही अर्थांनी. तेव्हापासून खातंय मनाला, म्हणून आज बसलोय लिहायला.

मी निवडून आलो तेव्हा तू विचारलं होतंस, "लेका, नगरसेवक झालास की काय?" तसं नाही रे. इथे शाळांसाठी लोक वेगळं मंडळ निवडतात, नगरपालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही पाच जण, मुदत चार वर्षं, मतपत्रिकेवर पक्षाचं नावसुद्धा नसतं. मानधन सांगितलं तर हसशील. आणि अधिकार म्हणशील तर एकट्याला शून्य. शाळेतला नळ गळताना दिसला तरी मी शिपायाला "बंद कर" म्हणायचं नाही. आम्ही नेमतो तो सुपरिंटेंडंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, बाकी सगळी माणसं त्याच्या हाताखाली. माझी किंमत काय ती महिन्यातल्या दोन संध्याकाळी, सभेच्या टेबलावर.

त्यातही गंमत आहे. १९५३ चा ब्राऊन ॲक्ट म्हणून कायदा आहे. पाचातल्या तिघांनी मंडळाच्या कामाबद्दल सभेबाहेर बोलायचं नाही. मी एकाला सांगितलं आणि त्याने तिसऱ्याच्या कानावर घातलं, तरी तो कायदेभंगच. विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची, आणि जो विषय तिच्यावर नाही त्यावर चर्चा नाही. आपल्याकडे सगळं टपरीवर ठरतं आणि सभेत नुसते हात वर होतात, त्याच्या बरोबर उलटं. सुरुवातीला मला याचा फार अभिमान वाटायचा.

आता मुद्द्याचं सांगतो. इथेही पटावरच सगळं आहे. पट काय, त्याहून वाईट, रोजच्या हजेरीवर. आमच्यासारख्या बहुतेक शाळांना राज्याचा पैसा सरासरी हजेरीवर मिळतो. पोरगं तापाने घरी झोपलं तरी त्या दिवसाचे पैसे बुडाले. आणि पोरं कमी होताहेत. घरं इतकी महाग की तरुण जोडप्यांना परवडत नाहीत, आणि जुने लोक हलत नाहीत. माझंच बघ. पोरं शिकून गेली, चार खोल्यांत आम्ही दोघं. १९७८ च्या कायद्याने घरपट्टीसाठी धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त चढत नाही, मग घर विकतो कशाला? ज्या खोलीत दप्तरं पडलेली असायला हवीत तिथे माझं व्यायामाचं यंत्र आहे, त्यावर कपडे वाळतात.

तर आमच्याकडे एक शाळा बंद करायची वेळ आली. सभेला दोनशेवर लोक. एरवी बोलायला तीन मिनिटं देतो, त्या रात्री एकच दिलं. एक आजी स्पॅनिशमध्ये बोलायला लागल्या. दुभाषी सांगेपर्यंत घंटी वाजली, आणि माईक बंद करायची खूण मीच केली, कारण अध्यक्ष मी होतो. दुसरीतल्या एका मुलीने वहीचा कागद वाचला. "माझी शाळा चालत जायच्या अंतरावर आहे," एवढंच होतं त्यात. बंड्या, मी आकडे पाठ करून गेलो होतो. सगळे खरे होते.

मग नावं पुकारून मतदान. दोन बाजूने, दोन विरोधात, शेवटी मी. इथे होकाराला "आय" म्हणतात. आपल्याकडे ठेच लागल्यावर तोंडातून निघतं ना, तेच. मी म्हणालो, आय. बायको घरी थेट प्रक्षेपण बघत होती. म्हणाली, "विव्हळल्यासारखा आवाज आला."

आता ती इमारत भाड्याने द्यायची की विकायची, यावर सल्ला द्यायला समिती बसलीय. कायद्याने तिच्यात सात ते अकरा माणसं लागतात, म्हणून तिला "सेव्हन-इलेव्हन" म्हणतात. ऐकून मला सातबाराच आठवला. शेवटी सगळीकडे जमिनीपाशीच येऊन पोचतं.

पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा तुमचा संचमान्यतेचा जीआर १५ मार्च २०२४ चा ना? इथेही ज्या शिक्षकांना पुढच्या वर्षी कमी करायचं असेल, त्यांना १५ मार्चच्या आत नोटीस द्यावी लागते. यंदा त्या ठरावावरही माझं मत आहे. तू नेहमी म्हणतोस, "वर बसलेल्यांना काय कळतंय." कळतं रे. मला सगळं कळत होतं.

तुझ्या अकरापैकी चौथीत किती आहेत? ती पुढच्या वर्षी गेली की किती उरतील? आणि पुढची शाळा किती लांब, मधे ओढा आहे का? पावसाळ्यात पोरं कशी जाणार? हे मी त्या रात्रीच्या आधी इथे कुणाला विचारलं नव्हतं. तुला विचारतोय. खरं खरं लिही, आणि शिव्या द्यायच्या असतील तर त्याही लिही. डिसेंबरात येतोय, दोन दिवस तुझ्या वर्गात मागे बसेन. पटात धरू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा