संक्रांतीचा गूळ: मैत्रिणीस पत्र

कोल्हापूर,
६ जानेवारी

प्रिय उषा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सूनबाईला गुळाची पोळी शिकायची आहे, नातवाचं पहिलं बोरन्हाण आहे आणि हे सगळं बेंगळुरूत करायचं आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पोळीबद्दल तू दोन तक्रारी लिहिल्या आहेस. कधी ती तव्यावर फुटते, आणि फुटली नाही तर कडा कोरड्या राहतात. दोन्हींचं मूळ एकच आहे, म्हणून पोळीपासूनच सुरुवात करते.

उषा, संक्रांतीत निम्मं काम गूळ निवडण्यात असतं. पोळीला साधा, मऊ, रवाळ गूळ लागतो आणि लाडूला चिक्कीचा. यांची अदलाबदल झाली की पुढे कितीही हात चालवला तरी उपयोग नाही. ढेपेला अंगठ्याचं नख लावून बघायचं. वाळूसारखा रवा सुटला तर तो पोळीचा. नख रुतून गूळ चिवट वाटला, ओढला गेला, तर तो चिक्कीचा. चिक्कीच्या गुळाची पोळी गार झाली की दाताला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी चामट होते. तिकडे जवळच्या मंड्या गावचा गूळ मिळेल, तोही याच कसोटीवर पारखून घे. रंगाला भुलू नकोस. फार पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रोस नावाचं रसायन घालून उजळलेला असतो. थोडा काळपट असला तरी चालेल.

वीसेक पोळ्यांसाठी अर्धा किलो गूळ बारीक किसून घे. पाऊण वाटी डाळीचं पीठ पाव वाटी तेलात मंद आचेवर खमंग भाज. अर्धी वाटी तीळ, पाव वाटी सुकं खोबरं आणि दोन चमचे खसखस वेगवेगळं भाजून अगदी बारीक कर. तिळाचा अख्खा दाणा राहिला तर लाटताना तोच पारीला भोक पाडतो. वेलची, जायफळ घालून सगळं एकत्र कर आणि तळहाताने रगडून रगडून मळ, एकही खडा राहता कामा नये. डाळीचं पीठ चवीसाठी असतं असं पुष्कळांना वाटतं, म्हणून ते कमी घालतात. तव्यावर गूळ वितळतो तेव्हा त्याला धरून ठेवायचं काम हे पीठच करतं. ते कमी पडलं की गूळ पातळ होऊन वाट शोधतो.

आवरणाला तीन वाट्या कणीक, अर्धी वाटी मैदा, दोन चमचे डाळीचं पीठ, चिमूटभर मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पुरीसारखं घट्ट भिजवून तासभर झाकून ठेव. आता खरी गोम ऐक: गुळाची गोळी आणि कणकेची लाटी यांचा घट्टपणा सारखा असला पाहिजे. दोन्ही शेजारी ठेवून बोटाने दाबून बघ, बोट सारखंच रुतलं पाहिजे. गूळ कणकेपेक्षा कडक असेल तर तो मध्येच गोळा होऊन राहतो आणि कणीक एकटीच पुढे पसरते. कोरड्या कडा होतात त्या अशा. गूळ जास्त मऊ असेल तर तो लाटण्याच्या पुढे कडेला पळतो आणि बाहेर येतो. कडक वाटला तर चमचाभर गरम तेल घालून पुन्हा मळ. सैल वाटला तर भाजलेलं डाळीचं पीठ वाढव.

सुपारीएवढ्या दोन लाट्यांच्या पुरीएवढ्या पाऱ्या कर. त्या दोन्ही लाट्या मिळून होतील तेवढी किंवा किंचित मोठी गुळाची गोळी चपटी करून मध्ये ठेव, कडा दाबून बंद कर आणि तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने लाट. लाटणं मधून कडेकडे न्यायचं, पोळी उलटायची नाही. गूळ कडेपर्यंत पोचलेला पारीतून दिसतो. उरलेली कोरडी कड कातण्याने काढून टाक. तवा मध्यम तापलेला हवा. एखादी फुटलीच तर पुढची टाकण्याआधी तवा ओल्या फडक्याने पुसून घे, नाहीतर जळलेला गूळ पुढच्या प्रत्येक पोळीला चिकटत जातो. आणि गरम पोळ्या एकावर एक कधी रचायच्या नाहीत. कागदावर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ दे, मगच त्या खुसखुशीत होतात. आठ-दहा दिवस सहज टिकतात. वाढताना वर तूप मात्र सढळ हाताने.

लाडवांना अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, पाव किलो दाण्यांचं भरड कूट, दोन चमचे तूप. तीळ गावठी, पॉलिश न केलेले घे, पांढऱ्याशुभ्र तिळांना तो वास नाही. तडतडून उडायला लागले की उतरवायचे, त्यापुढे कडवटपणा येतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची कडक गोळी झाली आणि ती ताटलीवर टण्‌ वाजली की पाक झाला. तीळ पाकात पडताना कोमट तरी असू देत. गार तीळ टाकले की पाक जागच्या जागी आळतो आणि लाडू वळेपर्यंत मिश्रण भुगा होतं. तसं झालं तर कढई दोन मिनिटं मंद आचेवर ठेव, पुन्हा सैल होतं.

भोगी आदल्या दिवशी. "न खाई भोगी तो सदा रोगी" हे सूनबाईलाही सांग. चार माणसांच्या भाजीला चार लहान वांगी, एक गाजर, अर्धी अर्धी वाटी सोलाणे, पावटे आणि ओले शेंगदाणे, मूठभर घेवडा, चार-पाच बोरं. तिकडे अवरेकाई म्हणून मिळतात ते आपल्या पावट्यांच्याच जातीचे, आणि मोसमही हाच, तेव्हा तिथे तू आमच्यापेक्षा सुखी आहेस. आधी दाणे आणि शेंगा शिजवून घे, मग वांगी-गाजर. चिंच सगळ्यांत शेवटी. आंबट आधी पडलं की पावटे कितीही शिजवले तरी टणक राहतात. बोरंही शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर फुटून लगदा होतो. दोन चमचे तिळाचं कूट, दोन चमचे दाण्याचं, गोडा मसाला, गूळ. भाजी अंगाबरोबर रसाची हवी.

भाकरीला बाजरी ताजी दळून आण. तिच्यात स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. दुकानातलं बंद पाकीट म्हणूनच नको. पाणी कढत घे, कारण बाजरीला स्वतःचा चिकटपणा नसतो. भाकरी थापत आली की वर तीळ पसरून तळव्याने दाब आणि मग आणखी दोन फेऱ्या थाप. अगदी शेवटी लावलेले तीळ तव्यावर गळून जळतात. सोबत लोणी आणि मुगाच्या डाळीची खिचडी.

लातूर-धाराशिवकडे याच दिवसांत, संक्रांतीच्या थोडं आधी मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वेळअमावास्या म्हणजे येळवस करतात. शेतात कडब्याची खोप, पाच पांडव म्हणून पाच दगडांची पूजा, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे आणि शेंगाभाज्यांची भज्जी. कानडी मुलखातही ती पाळतात, तेव्हा तुझ्या शेजारी उत्तर कर्नाटकातलं कोणी असेल तर जरूर विचार.

सुगडांचं थोडक्यात लिहिते. पाच सुगडं, दोरा गुंडाळून, हळदकुंकवाची बोटं ओढून. आत गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, बोरं, गाजर, शेंगा, तिळगूळ. नुसते तांदूळ भरून उरकू नका. या दिवसांत शेतात जे आलं आहे ते देवापुढे ठेवायचं, एवढाच तर या वाणाचा अर्थ आहे.

हलवा घरी करायचा हट्ट असेल तर कोरडी थंडी बघून बस. मंद आचेवरच्या परातीत तिळांवर एकतारी पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी हलवत राहायचं, प्रत्येक वेळी आधीचा पाक सुकू द्यायचा. घाई करून पाक जास्त घातला की काटा येत नाही आणि दाणे गुळगुळीत होतात. हे दोन-तीन दिवस, रोज थोडा वेळ, असं चालतं. दागिन्यांसाठी मात्र विकतचा चांगला काटेरी हलवा आण.

बोरन्हाण त्याच दिवशी हवं असं नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवून औक्षण, मग डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, हलवा. बाळ वर्षाचंच आहे, तेव्हा त्याच्यावर चुरमुरेच जास्त ओत, बोरं चार-दोन आणि लहान. दाणे आणि बोरं त्याच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. ती मोठ्या मुलांनी वेचायची. दागिन्यांचा दोराही घट्ट नको, आणि बाळाने हलवा चोखायला घेतला की लगेच उतरव. तिकडेही लहान मुलांवर एलची हण्णु, म्हणजे बोरंच, ओततात, त्यामुळे शेजारणींना हे नवं वाटणार नाही.

आणि त्यांना तिळगूळ देशील तेव्हा त्यांचा एळ्ळु-बेल्लही मागून घे. तीळ, गूळ, सुकं खोबरं, दाणे आणि डाळं यांचं ते मिश्रण असतं, सोबत सक्करे अच्चु, म्हणजे साच्यात ओतलेल्या साखरेच्या आकृत्या. खोबऱ्याचे काप ते नखाएवढे सारखे कापून उन्हात वाळवतात, ते बघण्यासारखं असतं. देताना म्हणतात, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळगूळ खा आणि चांगलं बोला. आपलंच वाक्य आहे, फक्त कानडीत.

गूळ आधीच आणून ठेव आणि एका पोळीपुरतं सारण करून तव्यावर बघ. काही अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर.

सूनबाईला आशीर्वाद, नातवाला गोड पापा.

तुझी,
कुंदा