दुसरा प्लग कुणी बदलला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, पंधरा वर्षांवरच्या सगळ्या टू-व्हीलर सरळ भंगारात काढा, जुन्या गाड्यांमुळेच पुण्याची हवा खराब होते आणि आपण स्वतः मात्र २०१४ ची पल्सर २०० एनएस वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून कशी ठणठणीत ठेवलीय वगैरे. वाचून जरा लागलं, कारण माझ्याकडे २००६ ची पल्सर १५० आहे, एमएच १२, पासिंग २०२१ ला एकदा रिन्यू केलंय, पर्यावरण कर भरलाय, आणि मी मार्केट यार्डात गाळ्यावर हिशेब लिहितो त्यामुळे नवीन गाडी घ्यायची म्हणलं की आधी घरात चर्चासत्र होतं. पण माझं म्हणणं गाडीच्या वयाबद्दल नाहीचे, माझं म्हणणं एका स्पार्क प्लगबद्दल, म्हणजे इंजिनात ठिणगी टाकून पेट्रोल पेटवतो त्या प्लगबद्दल आहे.

झालं असं की यावेळी पीयूसीला गाडी नापास झाली. आमची गाडी जुन्या नॉर्म्सची म्हणून दर सहा महिन्यांनी पीयूसी लागते आणि आजपर्यंत कधी अडली नव्हती. सातारा रोडच्या पंपावर जो पोरगा बसतो त्याने नळी घातली, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाला काका एचसी जातंय. फोर स्ट्रोक टू-व्हीलरला, म्हणजे २००० नंतरच्या आणि बीएस सिक्स या नव्या प्रदूषण नियमांच्या आधीच्या, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही लिमिट असते, माझा सीओ दोनच्या आत होता आणि एचसी साडेपाच हजारांच्या वर. पोरगा म्हणाला कार्ब्युरेटर मारून आणा. गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवला, सीओ अजून खाली गेला आणि एचसी उलट वाढला, वर गाडी सिग्नलला उभी राहिली की धडधडून बंद पडायला लागली ते वेगळंच. आता मला कळतं की हे असंच होणार होतं, सीओ हा पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा मामला आहे आणि एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल, ठिणगीच धड पडत नसेल तर स्क्रू फिरवून काय होणार, मिक्श्चर आणखी पातळ केलं, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं, की ते पेटायला आणखीच मागेपुढे बघतं. पण तेव्हा हे कुठे माहीत होतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की जुन्या कात्रज घाटात गाडी तिसऱ्यावर ओढत नाही आणि ॲव्हरेज पन्नासवरून छत्तीसवर आलंय.

आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक काका राहतात, तीस वर्षं बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यात असेंब्लीवर काढलेली. ते पार्किंगमध्ये आले, गाडीचा आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न, दुसरा प्लग कधी बदललास? मी म्हणलं दुसरा कुठला? काका माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू स्वतःच्या पोराचं नाव विसरलोय.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पल्सर आली २००१ ला आणि २००३ ला तिचं डीटीएस-आय मॉडेल आलं, त्यात एका सिलिंडरला दोन प्लग. काकांनी मला ते बोटाने जमिनीवर गोल काढून समजावलं, एकच प्लग असला की एका कडेला पेटलेली आग पलीकडच्या कडेपर्यंत पळत जायला वेळ लागतो, दोन्ही बाजूंनी पेटवलं की निम्म्या अंतरात काम होतं, मिक्श्चर लवकर आणि पूर्ण जळतं. आयडिया एकदम चोख आहे त्यात वादच नाही. फक्त एक प्लग बाहेर आहे, पोरंसुद्धा काढतील असा, आणि दुसरा आहे इंजिनच्या आतल्या टायमिंग चेनच्या बाजूला. आता तिथे मधे चेनच आली म्हटल्यावर प्लग तिच्यापलीकडे नळीतून आत न्यावा लागतो, दुसरा इलाज नाही, म्हणून तो खोल भोकात बसलेला असतो, बाहेरून बघणाऱ्याला नुसतं एक काळं रबर आणि वायर दिसते. वीस वर्षं मी ती वायर बघतोय, मला वाटायचं हॉर्नची असेल.

आणि गंमत म्हणजे एक प्लग मेला तरी ही गाडी बंद पडत नाही, दुसऱ्यावर चालत राहते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. काकांनी सोपी टेस्ट केली. बाहेरच्या प्लगची कॅप काढली, कॅप उघडी लोंबत ठेवून किक मारायची नाही कारण त्याने ठिणगीला करंट देणारी कॉइल उडू शकते, म्हणून तिच्यात एक जुना प्लग खोचला आणि तो इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून धरला, म्हणजे ठिणगी तिथे पडते, सिलिंडरमध्ये नाही. आता किक मार म्हणाले. मी बारा-पंधरा किका मारल्या, घाम फुटला, टेकवलेल्या प्लगवर निळी ठिणगी टकटक पडतेय आणि इंजिन मात्र हूं की चूं नाही. कॅप जागेवर बसवली, एका किकमध्ये चालू. म्हणजे किती दिवस ही गाडी एकाच प्लगवर मला बिबवेवाडी ते मार्केट यार्ड आणि सणासुदीला सासवडला नेत होती देवच जाणे.

मग तो प्लग काढायचा ठरला आणि त्यात तीन दिवस गेले. आधी पाना. गाडीबरोबर आलेला प्लग पाना आमच्याकडे कधीच हरवला होता, बोहरी आळीतून सोळाची लांब गोटी, म्हणजे सॉकेट पाना आणली तर ती जाड, भोकातच जाईना. बुधवारी जुन्या बाजारात फिरलो, एका ढिगात जुना पत्र्याचा प्लग पाना मिळाला साठ रुपयांना, तो गेला आत पण तोंड फाकलेलं, प्लगवर नुसता गरगर फिरतो. शेवटी बोहरी आळीची गोटीच शेजारच्या लेथवाल्याकडे नेली, त्याने बाहेरून थोडी खरवडून दिली, पैसे घेतले नाहीत, नुसतं विचारलं एवढं कशाला करताय.

कॅप ओढून काढली तर आतून अक्षरशः चिखल. पावसाचं पाणी आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप, दोघांचं साठलेलं. इथे काकांनी अडवलं, तसाच पाना लावला असता तर प्लग सुटल्यावर ती सगळी माती सिलिंडरमध्ये गेली असती. म्हणून पंक्चरवाल्याकडे गाडी ढकलत नेली, त्याने कॉम्प्रेसरची हवा मारली तेव्हा समोरच्या भिंतीवर तपकिरी शिंतोडे उडाले. मग भोकात गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवली. सकाळी इंजिन गार असतानाच पाना लावला, हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर प्लगबरोबर हेडचे आटेसुद्धा बाहेर येतात आणि मग प्लग शंभराचा आणि हेडचं काम हजारांचं. थोडं सोडवायचं, परत थोडं आवळायचं, परत स्प्रे, परत सोडवायचं. एक कट्ट असा आवाज आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, म्हणलं तुटला, पण तो सुटला होता.

तो प्लग आत्ता हे लिहिताना माझ्यासमोर टेबलावर वाटीत आहे. षटकोनी भाग गंजून लाल, कडा झिजून गोल झालेल्या, मधला इलेक्ट्रोड पेन्सिलीचं टोक बोथट होतं तसा, आणि गॅप एवढा की रुपयाचं नाणं आडवं धरलं तर जवळजवळ जातं. एवढ्या गॅपमधून ठिणगी उडी कशी मारणार. आणि त्यावर छापलेली कंपनी वेगळी. इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. मी सगळी बिलं फाइलला लावून ठेवतो, ही सवयच आहे, फाइल काढली तर गेल्या सहा-सात वर्षांत चार वेळा 'स्पार्क प्लग २ नग' लिहिलेलं, चारही वेळा एकाच कंपनीचे, आणि बाहेरच्या बाजूला बसलेला प्लग त्याच कंपनीचा. आतला मात्र गाडी घेतली तेव्हापासूनचा असणार. म्हणजे आठ नगांची जावक माझ्या खिशातून, आणि गाडीत आवक चार. बाकीचे चार कुठे गेले? आमच्या गाळ्यावर एक गोणी कमी निघाली तर रात्री नऊपर्यंत बसवतात.

नवीन प्लग बसवायची काकांची ट्रिक लिहितो कारण मला ती फार आवडली. चार-पाच इंच पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा घ्यायचा, प्लगच्या मागच्या टोकाला घट्ट बसवायचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत सोडायचा. आट्यात सरळ बसला तर सुळकन फिरत जातो, वाकडा लागला तर रबर आपोआप घसरतं, म्हणजे जोर लागूच शकत नाही. पूर्ण हाताने बसल्यावर मगच पाना, आणि नवीन वॉशरवाल्या प्लगला त्यापुढे अर्धा फेरा बास, या दहा मिलिमीटर आट्याच्या बारक्या प्लगला दहा-बारा न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो, सायकलची पेडल आवळल्यासारखा दाबायचा नाही. दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटरचा स्क्रू होता तसा करून पंपावर गेलो, एचसी अकराशेच्या आसपास. पीयूसीवाला पोरगा म्हणाला काका इंजिन काम केलं का? म्हणलं हो, शंभर रुपयांचं.

मग गॅरेजवाल्याकडे गेलो, वाटी घेऊन. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, पंधरा वर्षं त्याच्याकडे जातोय. त्याने प्लग बघितला, थोडा गप्प झाला आणि मग सरळ बोलला त्याबद्दल त्याला मानतो. म्हणाला काका, हा काढायला पाऊण तास जातो, सर्व्हिसची लेबर मी घेतो साडेपाचशे, त्यात धुणं, ऑइल, चेन, ब्रेक, एअर फिल्टर, दिवसाला दहा गाड्या, आणि हा गंजलेला प्लग माझ्या पोराच्या हातून हेडमध्ये तुटला तर तुम्ही हेड माझ्याकडून भरून घेणार का नाही? मी म्हणलं घेणार. म्हणाला मग कोण हात लावेल. बरं मग बिलावर एकच नग लिही ना बाबा. तर म्हणाला बिल कॉम्प्युटर काढतो, गाडीचं मॉडेल टाकलं की प्लग दोन आपोआप येतात, पोरगं एंटर मारतं. उरलेले प्लग ड्रॉवरमध्ये जातात आणि दुसऱ्याच्या गाडीला लागतात. चार प्लगचे पैसे त्याने द्यायला काढले, मी घेतले. चहा पण घेतला.

तर तुमच्या पत्रलेखकांना माझं सांगणं असं आहे की गाडी जुनी झाली म्हणून धूर ओकते असं नाही, जिथे हात जात नाही तिथलं काम कुणी करत नाही म्हणून ओकते. हे फक्त माझ्या गाडीचं नाही, कित्येक स्कूटरना प्लगसाठी पॅनेल उघडावं लागतं, ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलायचा कंटाळा. गॅरेजवाल्यांनी अवघड प्लगची लेबर वेगळी लावावी, दीडशे लावा, दोनशे लावा, मी देईन, पण बिलावर तशी वेगळी ओळ दिसली पाहिजे आणि जुने प्लग गिऱ्हाइकाच्या हातात दिले पाहिजेत. आणि गिऱ्हाइकांनीही जुना प्लग दाखव म्हणून नुसतं भागणार नाही, प्रत्येक गॅरेजमध्ये जुन्या प्लगचा डबा असतोच, त्यातला कुठलाही दाखवतील. मी यावेळी नवीन प्लग बसवायच्या आधी दोन्हींच्या षटकोनावर पत्र्याला खरवडायच्या टोच्याने बारीक ७ आकडा कोरलाय. रंग किंवा नेलपॉलिश लावू नका, उष्णतेने जातं, बायकोची बाटली घेऊन मी आधी ते करून बघितलंय आणि त्यावरून झालेलं बोलणं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

राहता राहिली त्या वाचकांची २०१४ ची २०० एनएस, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेली. त्यांना कळवा की त्या गाडीला एका सिलिंडरला तीन प्लग असतात. बिलं फाइलला लावलेली असतील तर काढून मोजा म्हणावं, आणि मग गाडीपाशी जाऊन मोजा. पाना लागला तर माझ्याकडे आहे, खरवडलेला, पण तो त्यांच्या गाडीला बसेलच असं नाही.

आपला,
एक नियमित वाचक, बिबवेवाडी, पुणे