तक्रार: ६०० वर डावी बाजू पुसट, आणि वर म्हणे ‘डोळे तपासून घ्या’

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: १५०-६०० मिमी लेन्सचा दोष आणि काल दुपारचा फोन

कालचा फोन सातवा होता. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र. लेन्स तुम्हीच बनवता, तेव्हा डीसेंटरिंग म्हणजे काय, आतली काच मध्यापासून सरकली की काय होतं, हे तुम्हाला शिकवत बसत नाही. फोनवरच्या तुमच्या लोकांना शिकवण्यात माझा अख्खा फेब्रुवारी गेला.

४०० च्या पुढे झूम नेला की फोटोची डावी बाजू पुसट येते, ६०० वर सगळ्यात जास्त. मधला भाग आणि उजवी बाजू लख्ख. मी परसातल्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, आठ मीटरवर ट्रायपॉड लावला, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. उजव्या रकान्यातल्या ‘स्थळ पाहिजे’च्या जाहिरातीसुद्धा वाचता येतात. डावा रकाना पाण्यात भिजल्यासारखा. मग लेन्सला ट्रायपॉडवर धरणारी कॉलर ढिली करून लेन्स कॅमेऱ्यासकट उलटी फिरवली. आता उजवा रकाना भिजला आणि डावा वाचता येऊ लागला. म्हणजे भिंत सरळ आहे, पान सरळ आहे, आतली कुठलीतरी काच जागेवर नाही. लेन्सचं छिद्र बारीक करून एफ ११ वर नेलं की थोडं सुधारतं, जात नाही. हे सगळे फोटो कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइलींसह तीन वेळा पाठवले.

पहिलं उत्तर आलं, पक्षी हलला असेल. वर्तमानपत्र होतं हो ते! दुसरं, फिल्टर काढून बघा. फिल्टर लावलेलाच नाही. लेन्स घेतल्यावर ९५ मिमीच्या फिल्टरला पैसे उरतात कुणाकडे? तिसरं, तुमच्याकडे ऊन फार, झळांमुळे होतं. उन्हाचं आम्हा भुसावळकरांना सांगू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रुळांवरची हवा कशी थरथरते ते मी जन्मभर पाहिलंय. पण माझे पक्ष्यांचे फोटो थंडीतले, सकाळी साडेसातचे, पाच मीटरवरून काढलेले. आणि झळा काय फक्त डावीकडूनच येतात?

१२ मार्चला लेन्स तुमच्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. ‘आठ कामाचे दिवस, सर.’ परत आली ९ एप्रिलला. अठ्ठावीस दिवस.

त्या दिवसांत इथे काय चाललं होतं ते ऐका. कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला शिंजीर पक्ष्याच्या मादीने घरटं बांधलं होतं. एकटीने; नर त्या कामात हात लावत नाही. कोळ्याची जाळी, वाळकी पानं, कुठून तरी आणलेला कापूस, आणि दारावर इवलासा छज्जा. घरातून त्या तारेवर कपडे घालणं बंद झालं. नर समोर शेवग्याच्या फुलांवर. सावलीत काळा कोळसा, ऊन लागलं की जांभळा-निळा पेटतो. विणीचा काळ संपला की हा रंग जातो, पिवळट होऊन छातीवर नुसती एक काळी पट्टी उरते. पिल्लं ६ एप्रिलला उडाली. तीन दिवसांनी तुमचं पार्सल. आत चिठ्ठी: ‘तपासणी केली. दोष आढळला नाही.’ ज्वारी भरलेल्या पिशवीवर लेन्स टेकवून पुन्हा पान लावलं. डावा रकाना भिजलेलाच.

आता कालचा फोन. दोन वाजून दहा मिनिटांनी लावला, अकरा मिनिटं तुमची धून ऐकली. मग एक गृहस्थ आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘सर, आपलं वय?’

‘एकसष्ट.’

‘अच्छा.’ आणि थांबले. त्या थांबण्यातच मला कळलं, गाडी कुठल्या लाइनवर घेतायत.

‘सर, राग मानू नका, पण एकदा डोळे तपासून घेतलेत तर? या वयात कडेचं पुसट दिसतं बऱ्याच जणांना.’

साहेब, मी चौतीस वर्षं रेल्वेच्या इंजिनात काढली. लोको पायलटची नजर ए-१ वर्गात मोजतात, ६/६ लागते. शेवटची काही वर्षं रेल्वेचे डॉक्टर दरवर्षी तपासत होते. खंडवा लाइनवर मध्यरात्री, काचेवर पाऊस, आणि लांबचा सिग्नल पिवळा की हिरवा ते ओळखून सहायकाला मोठ्याने पुकारायचं. मागे हजारभर माणसं झोपलेली. एकदाही चुकलो नाही. आणि मुळात पुसटपणा फाइलीत आहे, माझ्या डोळ्यांत कसा असेल? नऊ वर्षांच्या नातीने स्क्रीनवर बघून विचारलं, ‘आबा, इकडे खोडरबर कोणी फिरवला?’ तिचेही डोळे तपासू का, असं मी त्यांना विचारलं. तर उत्तर काय, ‘सर, घरच्या चिमण्यांना मोबाइलपण छान चालतो.’

शिंजीर आहे तो, चिमणी नव्हे. दहा सेंटिमीटरचा पक्षी. आणि तुमच्या खोक्यावर खंड्या छापलाय, तो कोणाच्या मोबाइलने काढलात तेही कळवा.

मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. शेजारी म्हणतात, जाऊ द्या भो, बीपी वाढेल. पण फंडाच्या पैशातले एक लाख बारा हजार दिलेत. का, तर तुमचाच जुना कॅमेरा केळीच्या पाटात पडला, दोन दिवस वाळवला आणि पुन्हा चालू झाला. त्याच कॅमेऱ्याने हतनूर धरणावर हिवाळी बदकं टिपलीत मी. त्या कॅमेऱ्याच्या भरवशावर दुकानात दुसऱ्या कुठल्या लेन्सकडे बघितलंसुद्धा नाही. तो बनवणारी कंपनी आणि ही, एकच आहात ना?

पंधरा दिवसांत नवी लेन्स द्या किंवा पैसे परत करा. नाहीतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात येईन. बिलाखाली ‘मुंबई न्यायक्षेत्र’ छापलंय, ते दाखवू नका; २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मला पेन्शन आहे आणि वेळही आहे. तारखांना तुमचा वकील मुंबईहून येईल, मी पॅसेंजरने पाऊण तासात पोचेन.

आणि पुन्हा लिहितो, अठ्ठावीस दिवस.

एक ग्राहक, निवृत्त लोको पायलट,
भुसावळ

ता. क. लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरचा स्क्रू पुण्याहून परत आलेला नाही. ‘दोष आढळला नाही’ असं लिहिणाऱ्याच्या टेबलावर बघा.