क्वेरी बदलली, रिपोर्ट मात्र जुनाच: बिलिंग सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: राज्यवार विक्री रिपोर्ट दुरुस्त न करताच तक्रार बंद केल्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात आमचे पीव्हीसी पाइप आणि तुषार सिंचनाच्या साहित्याचे घाऊक दुकान आहे. आपलेच बिलिंग सॉफ्टवेअर वापरतो. काही व्यापारी खानापूर-हुक्केरीकडचे, म्हणजे इथले कर्नाटकातलेच, बाकीचे चंदगड-गडहिंग्लजचे, म्हणजे महाराष्ट्रातले. पहिल्यांच्या बिलाला राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी, दुसऱ्यांच्या बिलाला परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी. बिले बरोबर निघतात, त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती महिनाअखेरच्या राज्यवार रिपोर्टची.

हा रिपोर्ट गावाच्या नावावरून राज्य ठरवायचा. सीमाभागात हे चालत नाही. हलकर्णी खानापूर तालुक्यात आहे, चंदगड तालुक्यात आहे आणि गडहिंग्लज तालुक्यातही आहे. लांब बसून हे कुणाला सुचले नसेल, ते समजू शकतो. आम्ही कळवल्यावर आपल्या इंजिनिअरनी क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा, बदलली. आता पार्टीच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे, २९ असेल तर कर्नाटक, २७ असेल तर महाराष्ट्र. क्वेरी त्यांनी चोख लिहिली होती, आमच्या सर्व्हरवर चालवूनही दाखवली. सगळ्या पार्ट्या आपापल्या राज्यात बसलेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. लगेच तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

रिपोर्ट काढला, तर चंदगडची हलकर्णी पुन्हा कर्नाटकात!

फोन केला की उत्तर ठरलेले, ‘रिफ्रेश मारा.’ मारला. त्या दिवसाची बिले रिपोर्टात आली, राज्य मात्र जुनेच राहिले. मग ‘मशीन बंद करून चालू करा’ झाले. शेवटी ‘सॉफ्टवेअर परत टाकावे लागेल, व्हिजिट चार्ज पडेल.’ चार्जचे नाव निघाले तेव्हा आमच्या सूनबाईंनीच फाइल उघडून बघितली. लग्नाआधी त्या हेच काम करायच्या. रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला आहे आणि त्या फाइलीत कॉलमची यादी ती बनवली त्या वेळची साठवलेली असते. इंजिनिअरनी राज्याचा जुना कॉलम तसाच ठेवून शेजारी नवा जोडला. रिफ्रेशने ओळी नव्या येतात, कॉलमची यादी नवी होत नाही. त्यासाठी डिझाइनमध्ये जाऊन ‘व्हेरिफाय डेटाबेस’ करून ही यादी डेटाबेसशी जुळवावी लागते आणि नंतर ग्रुप, म्हणजे राज्यवार गट, जुन्या कॉलमवरून काढून नव्यावर लावावा लागतो. ही दोन्ही कामे आपल्याकडून राहिली. यात आमच्या मशीनचा काय संबंध?

गोडाऊनच्या मशीनवर तर याहून वाईट. तिथल्या रिपोर्टात नवी बिलेही नाहीत. ती फाइल आपल्या माणसाने ‘सेव्ह डेटा विथ रिपोर्ट’ चालू ठेवून दिली आहे. उघडली की डेटाबेसला न विचारताच आत साठवलेल्या जुन्या ओळी दाखवते, आणि वर तारीख छापते आजची. कारण मथळ्यात आपण ‘प्रिंट डेट’ (छापल्याची तारीख) घातली आहे, ‘डेटा डेट’ (डेटा आणल्याची तारीख) नाही. आजची तारीख बघून कोण शंका घेईल? तो कागद सरळ सीएकडे जातो. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरणपत्र, भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची. आमच्या सीएंनी बिलांशी ताळा घेतला म्हणून निभावले. नाहीतर १४ तारखेला जीएसटीआर-२बी (खरेदीदाराला मिळणाऱ्या कर-क्रेडिटचा तक्ता) निघाल्यावर क्रेडिट चुकीचे दिसते म्हणून चंदगडच्या व्यापाऱ्याचा फोन आला असता, तोही आपल्याला नाही, आम्हाला.

सूनबाई दुरुस्ती करू शकतात, पण आम्ही फाइलीला हात लावला तर वॉरंटी गेली असे आपणच म्हणाल. म्हणून काम आपणच करायचे आहे. रिपोर्ट डेटाबेसशी व्हेरिफाय करून नव्या कॉलमवर ग्रुप लावावा, साठवलेला डेटा काढून टाकावा आणि मथळ्यात डेटा कधी आणला ती तारीख-वेळ छापावी. फाइल दुकान आणि गोडाऊन दोन्हीकडे बदलावी. मागच्या वेळी गोडाऊन विसरले होते. तक्रार बंद करण्याआधी क्वेरी नको, छापलेला रिपोर्ट आम्हाला दाखवावा. वार्षिक देखभालीचे पैसे भरलेले आहेत, व्हिजिट चार्ज देणार नाही.

सर्व्हरला जोडायचे असेल तर सकाळी दुकान उघडल्याबरोबर जोडावे. अकरानंतर काउंटरवर गर्दी असते, बिलिंग थांबवता येत नाही.

कळावे,
आपला ग्राहक,
बेळगाव