टोपीचा वाद आणि ब्लॉक तासांचा हिशेब

महोदय,

नव्या वेतन कराराची बोलणी जवळ आली की वैमानिकांच्या संघटनांत टोपी हवी की नको, ब्लेझरची सक्ती का, यावरही खडाजंगी होते. बाहेरच्याला हसू येईल, पण व्यवस्थापनाला हा वाद सोयीचाच. टोपी माफ करायला दमडीही लागत नाही.

खरी मेख तासांत आहे. अमेरिकी विमान कंपन्यांत मोबदला मुख्यतः ‘ब्लॉक’ तासांवर ठरतो. विमान जागचे हलले की घड्याळ सुरू, मुक्कामी उभे राहिले की बंद. त्याआधी हवामान पाहणे, इंधनाचा हिशेब, विमानाभोवती फिरून टायर-इंजिन न्याहाळणे, दोन उड्डाणांमधली रखडपट्टी यांचा वेगळा हिशेब सहसा नसतो. किमान तासांची हमी असते, हे खरे.

२०२३ मध्ये डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांनी टप्प्याटप्प्याने एकूण ३४ टक्के वाढ पदरात पाडून घेतली. मथळे अर्थात त्या आकड्याचे झाले. पण वेळापत्रक, सुट्ट्या, कोणते विमान उडवायचे, सारे ज्येष्ठतेवर ठरते. निवृत्तीला टेकलेल्या कॅप्टनला पेन्शनची काळजी, तर नव्या सहवैमानिकाला ‘रिझर्व्ह’वर, म्हणजे राखीव ड्युटीवर, फोनची वाट पाहत काढलेल्या दिवसांची. दोघांची मागणीपत्रे एक कशी होणार?

माझ्या मते आधी रोस्टर आणि विश्रांतीचे नियम, मग पगार. गणवेश सगळ्यात शेवटी. मात्र भर उन्हात ब्लेझर घालून विमानाभोवती फेरी मारणाऱ्याची तक्रार अगदीच पोरकट नाही.

— एक वाचक