चुकलेले सूर मोजणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विख्यात पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ यांच्या १९८६ च्या मॉस्कोतल्या पियानो मैफलीचं चित्रीकरण नुकतंच आपल्या शहरातल्या एका श्रोतामंडळाने पडद्यावर दाखवलं. त्यावर आपल्या अंकात एका रसिकांचं पत्र आलं आहे. ब्याऐंशीव्या वर्षी बोटं साथ देत नसतील तर कलावंताने मानाने थांबावं, सूर निसटताना बघवत नाही, असा त्याचा मथितार्थ. सूर अधूनमधून निसटतात, हे मान्य. पण एवढंच ऐकून घरी जाणारा कोल्हापूरकर भेटला की नवल वाटतं.

हे गाव अल्लादिया खाँसाहेबांचं. शाहू महाराजांच्या दरबारात येण्यापूर्वी, ऐन उमेदीत अतोनात गाण्याने त्यांचा आवाज बसला आणि पहिल्यासारखा पुन्हा कधी लागलाच नाही. मग उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून केसरबाई, मोगूबाईंच्या गळ्यातून देशाने ऐकली. आवाजाने दगा दिला तेव्हा खाँसाहेबांना कुणी 'आता मानाने थांबा' असं सांगितलं असतं तर?

पियानोच्या बाबतीत मुद्दा आणखी बारीक आहे. आपल्या पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर पडते, आणि सूर त्याच क्षणापासून विरायला लागतो. त्यात मींड नाही, धरलेला सूर फुगवता येत नाही. तरीही शोपँ, शुमान, लिस्ट या एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय रचनाकारांनी याच वाद्याकडून गाण्याची अपेक्षा केली. ते गाणं कसं निघतं? मागचा सूर किती विरला आहे ते कानाने जोखायचं आणि पुढचा सूर तेवढ्याच वजनाने ठेवायचा, बाकीचे सूर त्याच्याखाली दबकत ठेवायचे, सूर लांबवणाऱ्या पेडलवरचा पाय वेळेवर उचलायचा. यातलं बरंचसं काम कानाचं आहे. वयाबरोबर आधी जातो तो वेग आणि दम. कान शाबूत असेल तर वजनाचा हा हिशेब बराच काळ टिकतो.

पडद्यावर हात जवळून दिसतात तेव्हा हे डोळ्यांनीही कळतं. होरोविट्झ यांची बोटं जवळजवळ सपाट, मनगट खाली, उजवी करंगळी आत मुडपलेली, आणि तिची पाळी आली की तेवढ्यापुरती सरळ होणारी. कुठल्याही शिक्षकाने ओरडून सुधारावी अशी ही बैठक! शुमानच्या 'ट्रॉइमेराय' या छोट्या, संथ रचनेमध्ये एक छोटासा चढ पुन्हापुन्हा येतो. दर खेपेला वरचा सूर वेगळ्या छायेत उभा राहतो, आणि शेवटच्या खेपेला त्या सुरावर थांबा शुमाननेच लिहून ठेवलेला आहे. तिथे होरोविट्झ जोर लावत नाहीत. वरचा सूर हलकेच ठेवतात आणि खालचे त्याच्या सावलीत विरू देतात. त्या वेळी कॅमेऱ्याने एका श्रोत्याच्या गालावरचा अश्रू टिपला आहे, त्याचीच चर्चा जास्त होते. मला विचाराल तर कॅमेरा तेवढा वेळ हातांवरच राहायला हवा होता.

थांबावं कधी हे या माणसाला कळत नव्हतं असंही नाही. १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं त्यांनी जाहीर मैफलच केली नाही. आणि पत्रलेखकांना खरंच उदाहरण हवं असेल तर मीच देतो. १९८३ साली टोकियोत ते वाजवायला बसले तेव्हा औषधांच्या अमलाखाली होते. कार्यक्रमात शुमानच्या 'कार्नवाल'सारखी लांबलचक, दमवणारी रचना. वाजवणं कोसळलं. तिथल्या एका नामवंत समीक्षकाने त्यांना तडा गेलेली पुराणवस्तू म्हटलं, आणि त्या मैफलीपुरतं ते बरोबरच होतं. त्यानंतर ते पुन्हा मागे हटले, औषधं सुटली, आणि तीन वर्षांनी मॉस्कोला गेले. सोव्हिएत संघ हा आपला देश सोडून एकसष्ट वर्षं झाली होती, आणि न्यूयॉर्कहून स्वतःचा पियानोही सोबत नेला होता. या वेळी कार्यक्रमात बहुतेक सगळ्या छोट्या रचना: राखमानिनोव्हचे दोन प्रिल्यूड, स्क्रियाबिनचे दोन एत्यूड, शोपँच्या दोन माझुर्का, शूबर्ट, लिस्ट. म्हातारा वस्ताद ताकदीवर कुस्ती धरत नाही, डाव निवडून धरतो, हे खासबागेच्या गावात वेगळं सांगायला नको. आता टोकियो आणि मॉस्को या दोन्ही मैफलींत वाजवणारा माणूस म्हाताराच. मग वयावर खापर कसं फोडायचं?

दुसरे थोर पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनही हेच करत. उतारवयात रचना मोजक्याच ठेवायच्या, त्यांचा रियाज वाढवायचा, आणि वेगाची जागा येण्याआधी लय किंचित रोखायची, म्हणजे पुढचा वेग आहे त्यापेक्षा जास्त भासतो. याला कुणी लबाडी म्हणेल. मी तरी म्हणणार नाही, आपल्याकडचे बुजुर्ग काय वेगळं करतात? रुबिनस्टाइन १९७६ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी थांबले ते नजर गेली म्हणून.

थांबू नये असं माझं म्हणणं नाही. ज्याच्या कानाला आपलंच वाजवणं नीट ऐकू येत नाही, त्याने जरूर थांबावं, मग तो चाळिशीतला का असेना. ती परीक्षा संथ रचनेत होते. वेगात एखादी पट्टी चुकली तर ती क्षणात मागे पडते, पण संथ जागी एका सुराचं वजन चुकलं की लपवायला काहीच नसतं. पत्रलेखकांनी संथ रचनांबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

अर्थात त्यात थोडा दोष आयोजकांचाही आहे. सुरुवातीच्या स्कार्लाटीच्या तीन सोनाटा आणि मोझार्टचा सोनाटा वेळेअभावी गाळून चित्रीकरण थेट राखमानिनोव्हपासून लावलं गेलं. ते संगीत आधीच्या काळाचं, शोपँ-शुमानच्या 'रोमँटिक' म्हणवल्या जाणाऱ्या काळातलं नव्हे, म्हणून तेच गाळलं, हे कारण एक वेळ चालेल. पण होरोविट्झ त्यात वाद्य, सभागृह आणि स्वतःचे हात अंदाजात घेत असतात, आणि श्रोत्यांचे कानही तिथेच त्या हलक्या आवाजाला सरावतात. ते वगळून एकदम पुढच्या रचनांवर उडी घेतली की चुकाच आधी ऐकू येणार. त्या संध्याकाळी प्रास्ताविक, सत्कार आणि आभार यांनी मात्र पाऊण तास घेतला. पुढच्या खेपेला सभागृह कमी वेळ मिळालं, तर आयोजकांनी कात्री तिकडे चालवावी.

आपला,
एक श्रोता, मंगळवार पेठ, कोल्हापूर